पेटीचं बिल

किसन, तू गेलास ही बातमी मला तुंगार्लीत एका बंगल्याच्या गच्चीवर कळली. एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसलो होतो. फोन खांद्यात दाबून धरला होता, आणि तुझा पुतण्या सांगत होता की भाऊ जेवले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं. मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. मग राहिलेले स्क्रू बसवले, एसी चालू करून बघितला, खाली उतरलो, पायरीवर बसलो आणि त्या कामाचं बिल केलं. बंगला सांभाळणाऱ्या मावशींना ते ओळीनं वाचूनही दाखवलं. त्यांनी सही केली, चहा विचारला. फाटकाबाहेर येऊन गाडीला किक मारायला पाय उचलला. तेव्हा कुठे मघाशी फोनवर मला काय सांगितलं ते कळलं.

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही. लोक म्हणतील, भागीदार गेल्याचं कळलं आणि हा गडी बिल फाडत बसला. तुला सांगायला हरकत नाही, कारण ही खोड तूच लावलीस.

बिल फाटकाच्या आत झालं पाहिजे, हा तुझा नियम. तू माझ्याबरोबर भागीदारीत आलास तेव्हा मला त्याचा राग यायचा. आपला गाळा लोणावळ्याच्या बाजारात असला तरी आपलं निम्मं गिऱ्हाईक मुंबईत. शनिवारी येणार, एसी गार करत नाही म्हणून फोनवर फोन करणार, रविवारी संध्याकाळी कुलूप लावून जाणार. मी आपला सोमवारी निवांत बसून बिलं करायचो आणि मोबाइलवर पाठवायचो. मग सुरू व्हायचं. गॅस खरंच भरला होता का, पार्ट ओरिजिनल टाकला का, जरा राउंड फिगर करा ना. तू हे थोडे दिवस बघितलंस आणि एकदा डबा खाता खाता म्हणालास, "शेठ, बिल गरम हाय तवर वाढायचं. शिळं झालं की मान्सं वास घेत्यात."

मला शेठ म्हणायचास. गाळा माझ्या नावावर आणि शर्टाला इस्त्री, एवढ्या दोन गोष्टींवरून. मी कितीही चिडलो तरी सोडलं नाहीस.

मग तुझी ती पद्धत सुरू झाली. काम झालं की हात धुवायचे, दारातल्या पायरीवर बसायचं, काढलेला जुना पार्ट शेजारी फडक्यावर मांडायचा आणि गिऱ्हाइकाच्या समोर बिल लिहायचं. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, शाळेत धडा वाचतात तसं. समोर बंगल्याचा मालक असो नाहीतर माळीकाम करणारा म्हातारा, वाचन चुकायचं नाही. एकदा एका साहेबांनी "ठीक आहे, ठीक आहे, एकूण किती ते सांगा" म्हणून तुला मध्येच तोडलं. तू त्यांच्याकडे बघितलंस आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलंस. मी मान खाली घालून पान्हे पुसत होतो, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. साहेबांनी मुकाट्यानं सगळं ऐकलं. पुढे तेच साहेब दर मोसमाला फोन करून म्हणायचे, त्या वाचणाऱ्यांना पाठवा.

तुझी शून्याची ओळ मात्र मला कधीच पटली नाही. जे काम केलं ते बिलात लिहायचं, हे मला कळतं. तू जे केलं नाही तेही लिहायचास. "पंख्याची मोटर आवाज करते, आज बदलली नाही," आणि त्याच्या पुढे रकमेच्या जागी शून्य. मी म्हणायचो, "किसन, हे बिल आहे की दवाखान्याचा कागद? बघणाऱ्याला वाटतं आपण पुढचं काम ओढायला बघतोय." तू म्हणायचास, "वाटू दे की. उद्या मोटर बसली तर त्यानं मला शिव्या घालाव्या का घालू नये? लिवलंय म्हनून कमी घालंल." यावरून आपण गाळ्यात इतक्या वेळा भांडलो की शेजारचा स्टेशनरीवाला नुसता आवाज ऐकून "शून्य का?" असं विचारायचा.

आणि गेलास त्याच सकाळी पुन्हा तेच. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणून तू गावी थांबला होतास. मी फोन करून सांगितलं की बिलाचा नवा नमुना छापायला टाकतोय आणि त्यातून तुझी शून्याची ओळ काढली आहे. मला वाटलं आता तोफ सुटणार. तू हसलास आणि म्हणालास, "सांजच्याला बोलू, शेठ. आत्ता हात काळं हायेत." संध्याकाळी मी तुझ्या अंगणात होतो. बोलायला तू नव्हतास. छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला, काय करायचं म्हणून. मी अजून काही कळवलेलं नाही.

बिलाच्या बाबतीत तुझ्याइतका कडक माणूस मी बघितला नाही. सख्ख्या मेहुण्याच्या फ्रीजला बिल लावलंस आणि त्याच्या बायकोनं दिवाळीपर्यंत तोंड फिरवलं होतं. सुमनवहिनींनी त्यावरून तुला ताटावर बसवून बोल लावले, मी समोरच जेवत होतो. तू भाकरी मोडत शांतपणे म्हणालास, "फुकाट काम केलं की मानूस दुसऱ्यांदा बोलवाया लाजतो. बिल घेतलं की हक्कानं वराडतो. मला वराडनारं गिऱ्हाईक पायजे. लाजनाऱ्याची मशीन मरती." वहिनी म्हणाल्या, "आन नातं?" तू म्हणालास, "नात्याचं मी कवा बिल लावलं?" पुढे मेहुण्याचा फ्रीज बिघडला तेव्हा त्यानं भल्या सकाळी फोन करून तुला फैलावर घेतलं. तू फोन कानापासून लांब धरून मला खूण केलीस, बघ, कसा बोलवतोय.

मला हे तुझं तत्त्वज्ञान पाठ झालं होतं. नुसतं पाठ नाही, पटलंही होतं. म्हणून तर पेटीच्या बाबतीत तू जे केलंस त्याचा मला एवढा संताप आला.

तुमच्या आंदर मावळातल्या गावांत तिला सगळे नुसती पेटी म्हणतात. फ्रीजसारखी गार होणारी, वर काचेचं झाकण असलेली, मयत ठेवायची पेटी. पोरं-पोरी कामासाठी लांब लांब गेली, ती येईपर्यंत थांबता यावं म्हणून गावच्या मंडळानं वर्गणी काढून घेतलेली. ज्याच्या घरी गरज पडेल तिथे टेम्पोतून जायची, आणि एरवी शाळेमागच्या खोलीत भाताच्या पोत्यांशेजारी पडून असायची. खोलीची किल्ली मंडळाचं सगळं बघणाऱ्या शंकरआबांकडे. तुझे वडील गेले तेव्हा ते त्या पेटीत होते. त्यानंतर तिची दुरुस्ती तू अंगावर घेतलीस आणि तिचं बिल कधी केलं नाहीस.

मी तुला डिवचलं होतं. म्हटलं, "मेहुण्याला सोडत नाहीस आणि मंडळाला फुकट? मग तुझी लाजणारी माणसं कुठं गेली?" आपण कामशेतहून परत येत होतो. तू गाडी चालवत होतास. रस्त्यावरची नजर न काढता म्हणालास, "पेटीतलं मानूस बिल ऐकत न्हाई, शेठ. मंग कुणाला वाचून दावू?"

मी म्हटलं, "तुझं गिऱ्हाईक पेटीतला माणूस नाही. मंडळ आहे."

"मंडळाला लावलं की मंडळ मयताच्या घरनं घेनार. आधीच तितं कुणाला कायबी सुधरत न्हाई. त्यात पावती फाडायची व्हय?"

 त्यावर मी जास्तच आवाज चढवला, हे तुला आठवत असेल. तू खिडकीची काच खाली केलीस, जणू माझा आवाज बाहेर जाऊ दे. तो वाद तिथेच राहिला.

आता ऐक, कारण यातलं काहीही तुला माहीत नाही.

तू गेलास त्या संध्याकाळी पेटी तुझ्या अंगणात आली. मनीषा मस्कतला, दवाखान्यात ड्युटीवर. तिला कळवलं तर ती म्हणाली, "मिळेल त्या विमानानं निघते. काका, माझ्यासाठी थांबा. मला बाबांना बघायचंय." एकुलती एक लेक. मी तिला शब्द दिला. माझा कसला शब्द, तो पेटीचा शब्द होता. पण पेटी तुझ्या हातची होती, तेव्हा मी बिनघोर होतो. रात्र गेली. मी मांडवात खुर्चीवर बसून होतो. मला वाटत होतं की तू कुठल्याही क्षणी उठून विचारशील, एवढी माणसं कशाला जमलीत. रडू आलं नाही. मला कुणी चहा दिला की मी पीत होतो.

सकाळी गावातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, गिरणी सुरू झाली, आणि मला तो आवाज ऐकू आला. कॉम्प्रेसर चालू व्हायचा, घुं करून कण्हायचा आणि खट्‌ करून बंद पडायचा. थोडा थांबायचा. पुन्हा घुं, पुन्हा खट्‌. मांडवात सगळे बसलेले, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं तर तुला, आणि तू आत होतास. मी जवळ जाऊन बघितलं तर काचेला आतून घाम सुटला होता आणि तुझा चेहरा धुरकट दिसत होता.

मे महिन्याचं ऊन. मनीषा मुंबईत उतरली होती, गाडीत बसली होती, आणि खंडाळ्याच्या घाटात अडकली होती. शनिवार ना. आपलीच सगळी गिऱ्हाइकं घाट चढत होती. तिचा फोन आला, "काका, गाडी हलतच नाहीये." मी म्हटलं, "ये सावकाश. सगळं ठीक आहे." तोंड वर करून खोटं बोललो.

शंकरआबा शेजारी आले. त्यांनी माझ्याआधी ऊन बघितलं होतं. म्हणाले, "इजय, आता लय ताणू नगा. पोरीला फोनवर दावू त्वांड, हल्ली समदी तसंच करत्यात. ऊन चढायच्या आत उरकू." मी म्हटलं, "आबा, पेटी चालली तर थांबाल?" ते म्हणाले, "चालली तर थांबू. मला का हौस हाय?"

मी डिक्कीतून बॅग काढली आणि तुझ्या पायाशी बसलो. पेटीची मशीन पायाकडेच असते. जाळी काढली तर आत भाताचं तूस, चिंध्या, उंदरानं केलेलं घर. पंख्याची मोटर जाम. हातानं फिरवली तर फिरेना. पंखा बंद, म्हणून मशीन तापते, तापली की बंद पडते, आणि वर सकाळचा विजेचा दाब कमी. ही एका दिवसातली गोष्ट नव्हती. अशी मोटर कित्येक महिने आधी आवाज करायला लागते. मी वळून आबांना विचारलं, "ही कधीपासून वाजत होती?"

आबा खाली बघत म्हणाले, "मागल्या दिवाळीपासनं. कुरकुरायची. मागं दोन ठिकानी बंदबी पडलती, बर्फाच्या लाद्या लावून भागवलं."

"मग किसनला सांगितलं का नाही?"

"कसं सांगनार? दर खेपंला यायचा, पैसं घ्यायचा न्हाई. सामानाचंबी घ्यायचा न्हाई. किती येळा बोलवायचं मानसाला? लाज वाटती की, बाबा."

किसन, मी तिथे हातात पाना धरून बसलो होतो आणि मला वाटलं की ते झाकण उघडावं आणि तुला खांद्याला धरून हलवावं. हेच. हेच तू मला ताटावर बसून शिकवलंस. लाजणाऱ्याची मशीन मरते. जगातल्या एका मशीनपाशी तू तुझा नियम मोडलास आणि तीच तुझ्या अंगणात आली, तुझ्या पोरीची वाट बघायला. मला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नसेल. आणि राग काढायचा कुणावर? तू डोळे मिटून पडला होतास, काचेतून धड दिसतही नव्हतास.

तूस उपसलं, कपॅसिटर बदलला. मोटर मात्र बॅगेत नव्हती, ती आणायला कामशेत गाठायचं आणि दुकान उघडं मिळायचं तोवर काय? मी वहिनींना हाक मारली. बायकांच्या घोळक्यातून त्या उठून आल्या. मी म्हटलं, "वहिनी, घरात टेबलफॅन आहे ना?" त्यांनी काही विचारलं नाही. आत गेल्या, फॅन आणला. फ्रीजला तू लावलेला स्टॅबिलायझर मी काढून आणला. जाळीच्या जागी फॅन लावला, तर तो जमिनीवर नीट उभा राहीना, सरकायचा. वहिनी खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी फॅन धरला. म्हणाल्या, "मी धरते. तुमी मशीनकडं बघा." त्यांचा पदर फॅनच्या मागच्या बाजूनं आत ओढला जात होता, तो त्यांनी कमरेला खोचला. ती बाई तशी तुझ्या पायाशी बसून राहिली. तुझ्या तोंडाकडे बघत नव्हती, फॅनकडे बघत होती.

दाब तरी कमीच. आबांना म्हटलं, "गावातल्या मोटारी बंद करायला सांगा. गिरणीसुद्धा." आबा काठी टेकत स्वतः गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं तिघं वाड्यांकडे पळाले. हळूहळू एकेक आवाज थांबला. गिरणी सगळ्यात शेवटी थांबली, तेव्हा गावात एवढी शांतता झाली की मला तुझ्या पेटीचा आवाज स्पष्ट ऐकू आला. घुं केलं. खट्‌ झालं नाही. चालत राहिली. मी हात जाळीवर ठेवून बसलो होतो, आणि कॉम्प्रेसरची थरथर हाताला लागत होती. मला ती थांबेल अशी इतकी भीती वाटत होती की मी हात काढलाच नाही.

काचेचा घाम हळूहळू उतरला. तू पुन्हा दिसायला लागलास. नुकताच कुणाशी तरी वाद घालून गप्प बसल्यासारखा चेहरा होता तुझा.

मनीषा आली तेव्हा ऊन माथ्यावरून ढळलं होतं. गाडीतून उतरली ती सरळ पेटीपाशी आली. मी झाकण उघडलं. तिनं तुझ्या गालाला हात लावला, मग कपाळाला, मग तुझ्या सदऱ्याची कॉलर आत मुडपली होती ती बाहेर काढून नीट केली. वहिनींच्या हातात अजून फॅन होता, तो चालूच होता. मनीषा म्हणाली, "आई, सोड आता." तेव्हा वहिनींनी तो सोडला आणि तिथेच जमिनीवर कोसळून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. मी फॅन बंद केला. पेटी बंद केली. माझं काम झालं होतं, आणि काम झाल्यावर काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून मी हात धुतले. पुढे काही सुचेना.

किसन, तुझे आभार कसे मानू हे मला कळत नाही आणि मानायचे राहिलेत. तू नसतास तर मी अजून सोमवारी बिलं पाठवून लोकांच्या मागे लागलो असतो. तू मला माणसांच्या डोळ्यांकडे बघून आकडा सांगायला शिकवलंस. मी तुला कधी म्हटलं नाही. उलट शून्याच्या ओळीवरून तुझं डोकं खाल्लं. पेटीच्या जाळीशी बसलो होतो तेव्हा मला एवढं कळलं की तू तिचं बिल केलं असतंस आणि त्यात ती एक ओळ लिहिली असतीस, पंख्याची मोटर आवाज करते म्हणून, तर आबांनी दिवाळीतच तुझ्या नावानं शंख केला असता. आणि तू हे बिल का करत नव्हतास तेही मला कळतं. मयताच्या घरी पावती फाडायला तुझा हात धजला नाही. दोन्ही कळतं आणि दोन्हीचा राग येतो.

दहावा झाल्यावर मनीषाला हे सगळं सांगितलं. म्हटलं, मी आबांना पेटीचं बिल देणार आहे, तुझ्या बाबांच्या वेळचं आणि आता नवीन मोटर बसवली त्याचंही. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर नाही देत. ती ओट्यावर बसली होती, तू टेकायचास तिथेच. चहाचा घोट घेऊन म्हणाली, "द्या काका. मंडळाच्या नावानं द्या. वर्गणीतून देतील. फक्त वर लिहा की ज्याच्या घरी पेटी जाईल त्याच्याकडून यातलं काही घ्यायचं नाही." आपण दोघं गाडीत भांडलो आणि आपल्याला हे सुचलं नाही. तिला चहा पिता पिता सुचलं.

मग मी आबांच्या घरी गेलो. ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. पायरीवर बसलो, जुनी मोटर फडक्यावर ठेवली, बिल लिहिलं. आबा बघत होते. म्हणाले, "त्येच्याच पेटीचं?" मी म्हटलं, "हो, त्याच्याच." त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं आता हे उठून आत जातील. ते गेले नाहीत. मी वाचायला सुरुवात केली. जाळी साफ केली. कपॅसिटर बदलला. पंख्याची नवीन मोटर. मनीषाची अट वरती होती, तीही वाचली. तिथे आबांनी मान डोलावली. "ह्ये बेस केलं," म्हणाले.

मग त्यांनी बिल हातात घेतलं, चष्म्याच्या काचेजवळ नेलं, आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्या मोटरीचं जरा जास्त वाटतंय. काय कमी कर की."

तुझ्या हे लक्षात आलंच असेल की इतक्या वर्षांत हा प्रश्न आला की मी कधी उत्तर दिलं नाही. मी हत्यारं आवरायला घ्यायचो, आणि कमी का होणार नाही हे तू सांगायचास. त्या दिवशीही मी वाकलो आणि बॅगेची चेन लावायला लागलो. चेन लावून झाली. आबा बिलावर बोट ठेवून थांबले होते. मीही थांबलो होतो. आत भांड्यांचा आवाज येत होता. आणि मग मला कळलं की आम्ही दोघंही तुझ्या बोलण्याची वाट बघतोय.

आबांना ते माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. गच्चीवरच्या त्या फोनपासून जे आत शिरत नव्हतं ते तिथे, त्या पायरीवर, शिरलं.  बिल आबांच्या हातात होतं आणि उत्तर द्यायला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"कमी होणार नाही, आबा," मी म्हणालो. आवाज तुझ्यासारखा निघाला नाही. पण म्हणालो.